चुकलं, साहेब

तारीख लक्षात राहिली, कारण आमच्या घरात १२ जुलै कुणी विसरत नाही. संध्याकाळचे पावणेसात वाजत आले होते. पाऊस थांबला होता, पण कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या पुलावरून थेंब गळत होते. वरचं आभाळ मोकळं झालं तरी त्या पुलाखाली आणखी अर्धा तास पाऊस चालूच असतो, हे त्या रस्त्यानं रोज जाणाऱ्याला माहीत असतं. नळस्टॉप मागे टाकून मी घराकडे निघाले होते. माझ्यापुढे आठ-दहा हातांवर एक काळी, उंच दांडीची सायकल चालली होती. अंगात निळा गणवेश, डोक्याला पावसासाठी बांधलेली साडीच्या दुकानाची पिवळी पिशवी, हँडलला अडकवलेला डबा. रात्रपाळीला निघालेले वॉचमनकाका. त्यांचा वेग इतका सारखा होता की मी नकळत त्यांच्या मागोमाग त्याच लयीत पायडल मारत होते. तेवढ्यात उजवीकडून एक पांढरी गाडी आली, आम्हा दोघांना ओलांडून पुढे गेली आणि पुढे जाताजाताच डावीकडच्या गल्लीत वळली. काकांनी दोन्ही ब्रेक दाबले. त्या जुन्या सायकलींची रिम स्टीलची असते, ती ओली झाली की ब्रेकचं रबर तिला धरत नाही, नुसतं घसरतं. सायकल थांबली नाही. गाडीपासून वाचण्यासाठी त्यांनी हँडल डावीकडे घेतलं, पुढचं चाक चेंबरच्या खोल गेलेल्या झाकणात उतरलं आणि ते पडले. पडण्याचा आवाज फार मोठा झाला नाही. डबा मात्र रस्त्यावर गडगडत गेला.

गाडी थांबली. काच खाली झाली. चालवणारा मुलगा पंचविशीतला असेल, त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं विचारलं, "काका, लागलं का?" काकांचा एक गुडघा अजून रस्त्यावर टेकलेला होता. त्यांनी गुडघ्याकडे बघितलं नाही. हात लांब करून डबा ओढून घेतला, झाकण उघडलेलं नाही हे बोटांनी चाचपून बघितलं, आणि वर बघून म्हणाले, "नाही नाही. चुकलं, साहेब."

मागून हॉर्न सुरू झाले होते. तो मुलगा "सांभाळून चालवत जा काका" म्हणाला आणि गेला.

मी सायकल स्टँडवर लावली आणि त्यांना उठवायला गेले, तोवर ते उठलेही होते. त्यांचं हँडल चाकाशी काटकोनात फिरलं होतं. पुढचं चाक त्यांनी दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरलं, त्यातला एक गुडघा फाटलेल्या पँटीतून लाल दिसत होता, आणि हँडलच्या दोन्ही मुठी धरून एक हिसका दिला. मग जरा मागे होऊन, एक डोळा बारीक करून, मडगार्डच्या रेषेत हँडल आलंय का ते बघितलं. आणखी एक छोटा हिसका. चेन उतरली होती. ती त्यांनी आधी मागच्या चक्रावर बसवली, मग पुढच्या चक्राच्या खालच्या दातांत अडकवून हातानं पायडल उलटं फिरवलं. कट-कट करत चेन आपल्या जागी गेली. हे सगळं दीड-दोन मिनिटांत. हात काळे झाले ते त्यांनी रस्त्यावरच्या डबक्यात बुडवून पँटीला पुसले. मी म्हणाले, "काका, चूक तुमची नव्हती. तो आडवा आला." ते म्हणाले, "असू द्या ताई. सात वाजता सही करावी लागते." आणि टांग मारून गेले. मागे दिवा नव्हता. मेट्रोच्या खांबांच्या सावलीत ती पिवळी पिशवी थोडा वेळ दिसत राहिली.

चुकलं.

हा शब्द मी घरी घेऊन आले. रात्री कुकर लावताना, लेकीच्या वह्या बाजूला करताना, तो तसाच कानात होता. काकांना लागलं याचं वाईट वाटत होतंच. पण त्याहून जास्त सलत होतं ते त्यांच्या तोंडून तो शब्द किती चटकन आला ते. विचार करायला वेळच नव्हता. अंग रस्त्यावर पडलेलं असताना जो शब्द बाहेर येतो तो वर्षानुवर्षं तोंडात बसलेला असतो. आणि मग मला जाणवलं की माझ्याही तोंडात तो बसलेला आहे. समोरून उलट्या दिशेनं येणारी स्कूटर अंगावर येते तेव्हा मी "सॉरी" म्हणते. बसथांब्यापाशी बस मला कडेला दाबते तेव्हा मी हात वर करून, जणू मीच तिच्या वाटेत आले असं दाखवत, उतरून उभी राहते. एवढ्या वर्षांत हे मला कधी खटकलं नव्हतं.

१२ जुलै आमच्या घरात कुणी विसरत नाही तो बाबांमुळे. १९६१ साली त्या दिवशी पानशेतचं धरण फुटलं तेव्हा बाबा एकवीस वर्षांचे होते आणि शनिवार पेठेत नदीजवळच्या एका वाड्यात आजी-आजोबांबरोबर राहायचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नुकतेच लागले होते आणि पहिल्या काही पगारांतून त्यांनी हर्क्युलस घेतली होती. पुराच्या सकाळी माणसं वाचली, सायकल वाड्याच्या चौकातच राहिली. पाणी उतरल्यावर ती तिसऱ्या घराच्या पडवीत, भिंत आणि एका पलंगाच्या मध्ये गाळात उभीच्या उभी रुतलेली सापडली. बाबांनी ती सगळी सुटी केली. एकेक छर्रा रॉकेलमध्ये धुतला. गाळ नळ्यांच्या आतसुद्धा गेला होता, तो तारेनं काढला. त्या सायकलवर ते पुढे पंचवीस वर्षं कामावर गेले. मी लहान असताना रविवारी सकाळी ती उलटी करून ठेवलेली असायची, चाकं आभाळाकडे, आणि बाबा शिलाई मशीनच्या तेलाचं नळकांडं घेऊन बसलेले असायचे. चाक फिरवून सोडायचं आणि ते किती वेळ फिरतं ते मी मोजायचं, हे माझं काम. हँडलपाशी महापालिकेचा पत्र्याचा बिल्ला होता. सायकलला कर होता तेव्हा, तो भरला की बिल्ला मिळायचा, आणि बिल्ला नसला किंवा अंधारात दिवा नसला तर पोलीस अडवायचे. रस्त्यावरचा आपला हक्क त्या बिल्ल्याएवढा तरी चमकता होता.

मी सात-आठ वर्षांची असेन, तेव्हाची एक संध्याकाळ आहे. खडकीत आत्या राहायची, तिच्याकडे आई मला घेऊन गेली होती आणि बाबा सुटले की आम्ही त्यांना गेटाबाहेर भेटणार होतो. भोंगा झाला. आणि मग गेटातून सायकली यायला लागल्या. मी नंतर आयुष्यात समुद्र बघितला, पंढरीच्या वाटेवर वारी बघितली, पण त्या संध्याकाळसारखं काही बघितलं नाही. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सायकली, आणि आवाज फक्त घंट्यांचा आणि फ्रीव्हीलचा, हजारो टोळ एकदम उडावेत तसा. एका साहेबाची जीप कडेला उभी होती. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं होतं. तो स्टिअरिंगवर हात ठेवून निवांत बसला होता, कारण गर्दी सरेपर्यंत जीप पुढे जाणार नाही हे त्यालाही माहीत होतं आणि आतल्या साहेबालाही. बाबा त्या गर्दीतून आमच्याकडे आले ते एका हातानं हँडल धरून, दुसऱ्या हातानं कुणाशी तरी बोलत. त्या सगळ्या माणसांपैकी कुणालाही जीपवाल्याला "चुकलं" म्हणण्याची वेळ आली नसेल. सायकलींची संख्या हीच त्यांची सुरक्षितता होती. त्यांच्याकडे हेल्मेट नव्हतं, अंगावर चमकणारी जाकिटं नव्हती. रस्ता त्यांचाच होता, त्यामुळे बाकीच्यांना जपून चालवावं लागे.

मग काय झालं ते सगळ्या पुणेकरांनी आपापल्या दारात बघितलंय. लुना आणि चेतक दोन्ही १९७२च्या. लुना काढणाऱ्या फिरोदियांची कंपनी पुण्याची आणि चेतक आकुर्डीच्या कारखान्यातली. सायकलींचं म्हणून ओळखलं जाणारं शहर आणि स्कूटर बनवणारं शहर एकच होतं. आमच्या वाड्यात पहिली लुना आली तेव्हा तिला हार घातला होता आणि आम्ही पोरं तिच्या तापलेल्या सायलेन्सरपासून लांब उभं राहून तिचा वास घेत होतो. तो वास मला आवडला होता, हे आज सांगताना जरा विचित्र वाटतं. मी कॉलेजला जायला लागले तेव्हा आम्ही पाच मैत्रिणी लेडीज सायकलवरून बाजीराव रस्त्यानं, मग अलका टॉकीजच्या चौकातून डेक्कनला जायचो, तीनजणी पुढे, दोघी मागे, गप्पा मारत. शेवटच्या वर्षापर्यंत त्यातल्या तिघींकडे गाड्या आल्या. कुणी सायकल सोडून दिली असं म्हणत नव्हतं. फक्त एकेक जण गप्पांमधून पुढे निघून गेली, आणि मग एकटीनं सायकल चालवताना रस्ता वेगळा वाटायला लागला. माझीही सुटली. बाबांची हर्क्युलस भंगारवाल्यानं किलोवर नेली, तेव्हा मी घरात नव्हते.

२०२०च्या टाळेबंदीत रस्ते रिकामे झाले आणि मी परत सायकल घेतली. तेव्हा भीती नव्हती. गाड्या परत आल्यावरही ती सोडवेना. कर्वेनगर ते शिवाजीनगर, जायला पाऊण तास, यायला तेवढाच किंवा थोडा जास्त. या पाऊण तासांत मला शहर जसं कळतं तसं गाडीतून कधी कळलं नव्हतं. प्रभात रस्त्याच्या एका गल्लीतून गेलं की पावसाळ्यात बकुळीचा वास येतो, पण तो जेमतेम तीन-चार पायडलांपुरता. डेक्कनला बेकरीचा, पुढे सिग्नलला उभं राहिलं की डाव्या पोटरीवर शेजारच्या बसच्या धुराची ऊब. पाठीमागे काय येतंय ते आवाजावरून ओळखायला मी शिकले आहे. रिक्षा, डिझेलची गाडी, टँकर. आणि आता इलेक्ट्रिक बस, जिचा आवाजच येत नाही, तिची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. पाऊण तास सगळं अंग कान झालेलं असतं. घरी आल्यावर कुणी "दमलीस का?" असं विचारलं तर पाय दमलेले नसतात. मान आणि जबडा दमलेला असतो. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, मग कशाला चालवतेस?

पहिल्या पावसाचे दोन दिवस मी सायकल काढत नाही. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं तेल आणि बसलेली धूळ यांचा पातळ लगदा होतो आणि रस्ता साबणासारखा होतो. जाळीची झाकणं दिसली की मी लांबूनच वळते. जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेनं बसवलेल्या असल्या तर बारीक टायर आत जातं. उभ्या गाड्यांच्या रांगेपासून मी हातभर लांबून जाते, कुणी दार उघडलं तर ते उघडायला जागा राहावी म्हणून. हॉलंडमध्ये गाडीचं दार रस्त्याच्या बाजूच्या हातानं उघडत नाहीत, लांबच्या हातानं उघडतात. त्यासाठी अंग वळवावं लागतं, म्हणजे मान मागे जाते आणि येणारा सायकलवाला दिसतो. इतकी साधी गोष्ट. मी ती आमच्या घरात सगळ्यांना शिकवली आहे, रिक्षातून उतरतानासुद्धा लेक आता मागे बघते.

त्या संध्याकाळनंतरच्या रविवारी सकाळी मी मुद्दाम त्या गल्लीच्या तोंडाशी गेले. रहदारी नव्हती. झाकणापाशी उकिडवी बसले आणि आत हात घातला. माझी चार बोटं आडवी, एकावर एक, पूर्ण मावली आणि वर थोडी जागा उरली. कडेला डांबराचे थर मोजता येत होते, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे. प्रत्येक वेळी रस्ता नवा झाला, डांबरावर डांबर चढलं, झाकण तिथेच खाली राहिलं. चारचाकीचं टायर त्यावरून जातं तेव्हा आत बसलेल्याला नुसता एक ठोका जाणवतो. सायकलचं चाक त्यात उतरतं आणि अडकतं. मग मी गल्लीचा कोपरा बघितला. पदपथाची कड तिथे मोठ्या गोलाईनं वळवलेली आहे, पावलं टाकून बघितली तर अकरा भरली. एवढी गोलाई असली की गाडीला वळताना वेग कमी करावाच लागत नाही. तोच कोपरा काटकोनाच्या जवळ असता तर त्या मुलाला ब्रेक लावावा लागला असता, आणि ब्रेक लावताना त्यानं आरशात बघितलं असतं. तीसच्या वेगात गाडी एका सेकंदात आठ मीटर जाते, साठच्या वेगात सोळा-सतरा. आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुपटीनं नाही, चौपटीनं वाढतो. शाळेत शिकलेलं हे गणित मला त्या कोपऱ्यावर उभं राहून पहिल्यांदा समजलं. मुलगा वाईट नव्हता. काका बेसावध नव्हते. कोपरा तसा बांधलेला होता आणि झाकण तसं सोडलेलं होतं. आणि त्या दोघांच्या वतीनं माफी मात्र काकांनी मागितली.

या शहरानं सायकलसाठी काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं होईल. २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली तेव्हा कडेनं सायकल मार्ग आखले गेले. २०१७ साली महापालिकेनं सायकल आराखडा मंजूर केला, आठशे किलोमीटरहून जास्त लांबीच्या मार्गांचा. त्याच वर्षाच्या शेवटी भाड्याच्या रंगीत सायकली आल्या, मोबाइलवर कुलूप उघडणाऱ्या, आणि वर्ष-दोन वर्षांत दिसेनाशा झाल्या. मी त्या मार्गांवरून गेले आहे. शंभर-दीडशे मीटर लाल रंगाच्या फरशा, मग विजेची पेटी. पुन्हा फरशा, मग लावून ठेवलेल्या स्कूटर. मग एक उंच पायरी, जिथे सायकल उचलून खाली ठेवावी लागते आणि समोर सिग्नलला सुटलेली रहदारी असते. पायी चालणाऱ्यांच्या आणि सायकलींच्या मार्गावर मोटार घालायची नाही, हे १९८९च्या रस्ता नियमांतही स्वच्छ लिहिलेलं होतं. तरी त्या फरशांवर मला समोरून येणारे रोज भेटतात आणि मीच बाजूला होते. या मार्गांमध्ये एका गोष्टीचं मला फार वाईट वाटतं. ते सकाळी व्यायामाला निघणाऱ्या माझ्यासारखीला डोळ्यांपुढे ठेवून आखलेले वाटतात. वॉचमनकाका, पहाटे पेपर टाकणारी मुलं, कॅरिअरवर भाजीची पाटी बांधून मंडईतून येणारा माणूस, यांच्या वाटेवर ते नाहीत. माझ्या डोक्यावर हेल्मेट आहे, मागे लुकलुकणारा दिवा आहे, म्हणून लोक मला "सायकलिंग करते" म्हणतात. त्यांना कुणी तसं म्हणत नाही. ते कामाला जातात.

लेकीनं अकरावीला गेल्यावर हट्ट धरला की क्लासला सायकलनं जाईन. मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "तू जातेस की." मी म्हणाले, माझं वेगळं आहे. काय वेगळं आहे ते मला सांगता आलं नाही. तिनं मोबाइलवर हॉलंडमधल्या शाळेपुढच्या सायकलींचा फोटो दाखवला, हजारो सायकली, आणि म्हणाली, तिकडे बघ. मग मी तिला सांगितलं की तिकडेही नेहमी असं नव्हतं. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर ३,३०० च्या आसपास माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. तेव्हा आईबाप रस्त्यात उतरले. चळवळीचं नावच त्यांनी ठेवलं, 'मुलांचे खून थांबवा'. सायकली रस्त्यावर आडव्या टाकून, लहान पोरांना शेजारी घेऊन ते बसले. दोन वर्षांनी तेलाची टंचाई आली, रविवारी गाड्या बंद ठेवाव्या लागल्या, आणि लोकांनी बघितलं की आपले रस्ते असेही असू शकतात. त्यानंतर रस्ते बदलायला लागले. सांगताना माझा आवाज चढत गेला, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे त्यांनी मुलांना घरात नाही ठेवलं."

मी काही बोलले नाही.

तिला सराव व्हावा म्हणून मी तिला आधी वेताळ टेकडीवर न्यायला लागले. तिथे गाड्या नाहीत. पावसाळ्यात ग्लिरिसिडियाच्या पानांखाली पायवाट दिवसभर ओली असते, खाणीपाशी पाणी साठतं, मोर ओरडतात. मुरमाच्या उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबायचा नाही, वजन मागे न्यायचं, चढून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, चालणाऱ्याला सगळ्यात आधी. हे मी तिला सांगत होते आणि तिसऱ्या रविवारी माझ्याच हातून ते सुटलं. उतार होता, वारा तोंडावर येत होता, कितीतरी दिवसांनी मी मागे कान न देता सायकल चालवत होते. वळणावर एक आजी काठी टेकत वर येत होत्या. मी घंटी वाजवली, पण उशिरा. त्या घाबरून झुडपात सरकल्या, त्यांचा पदर काट्याला अडकला. मी पुढे जाऊन थांबले, परत आले. पदर सोडवताना त्या म्हणाल्या, "अगंबाई, मीच मधे आले बाळ. ऐकू कमी येतं मला." मला तिथेच खाली बसावंसं वाटलं. मी त्यांचा हात धरून म्हणाले, "नाही आजी, तुमची वाट आहे ही. चूक माझी." त्यांना ते ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही, त्या हसल्या आणि काठी टेकत वर गेल्या. खाली उतरताना मी सगळा उतार सायकल हातात धरून चालत आले. लेक माझ्याबरोबर चालत होती. ती एका शब्दानंही बोलली नाही, आणि तिचं हे मला फार बरं वाटलं.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी आम्ही दोघी पहिल्यांदा रस्त्यानं निघालो, क्लासच्या वाटेनं, सकाळी आठ वाजता. ती पुढे, मी मागे. मुलांना घेऊन जाताना मोठ्यानं मागे राहायचं असतं, म्हणजे येणाऱ्याला आधी आपण दिसतो. बाबा मला शिकवताना म्हणायचे की चाकाकडे बघू नकोस, चार हात पुढे बघ. तेच मी तिला सांगितलं होतं. आणखी सांगितलं होतं की अगदी कडेला चालवू नकोस. कडेला गेलीस की झाकणं लागतात, दारं उघडतात, आणि मागच्याला वाटतं की शेजारून घुसायला जागा आहे. हे सगळं सांगूनही निघाल्यापासून माझ्या तोंडातून एकच येत होतं, बाजूला घे, बाजूला घे. कर्वे पुतळ्यापासून पौड फाट्यापर्यंत मी ते दहा वेळा तरी म्हणाले असेन. जाताना आम्ही पलीकडच्या बाजूनं गेलो, येताना नळस्टॉपवरून तो कोपरा लागला.

ती लेनच्या मधोमध होती. मागून गाडीचा हॉर्न वाजला, एकदा, मग लांबलचक. माझं सगळं अंग आखडलं. शब्द ओठांवर आला. लेकीनं उजव्या खांद्यावरून मान वळवून मागे बघितलं, माझ्या पलीकडे, त्या काचेकडे, आणि तशीच चालत राहिली. मी काही म्हणाले नाही. मीही तिच्याच रेषेत राहिले. गाडीचा वेग उतरल्याचा आवाज मला ऐकू आला. ती आमच्या मागून तशीच आली, गल्लीच्या तोंडापर्यंत, आणि आम्ही पुढे गेल्यावर डावीकडे वळून गेली.

पुढे जाऊन आम्ही थांबलो. लेक धापा टाकत होती, चालवण्यानं नव्हे. मी मागे वळून बघितलं. त्या खोल झाकणात कुणीतरी झाडाची एक फांदी उभी करून ठेवली होती, आपल्याकडे खड्ड्यात ठेवतात तशी, आणि तिच्या टोकाला साडीच्या दुकानाची पिवळी पिशवी बांधली होती. वाऱ्यानं ती फुगत होती. तशा पिशव्या शहरात हजारो असतील. एक स्कूटरवाला तिला वळसा घालून गेला, मग एक रिक्षा.

"आई," लेक म्हणाली, "उद्या सहाचा क्लास आहे. मागचा दिवा चार्ज केलायस का?"